फुलांच्या राशीत लग्नाची मागणी : पुण्यात सरप्राईज आखणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मांडवाची, बारशाच्या पाळण्याची आणि गणपतीच्या मखराची फुलं आम्ही वर्षानुवर्षं करतो. अलीकडे मात्र फोनवर एक वेगळाच आवाज येतो. दबका, जिन्यात नाहीतर पार्किंगमध्ये उभं राहून बोलणारा. "प्रपोज करायचंय, तिला कळता कामा नये, आणि फुलं भरपूर पाहिजेत." पुढचे प्रश्नही तेच ते असतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

आधी काय ठरवायचं? जागा, फुलं की अंगठी?

यातलं काहीच नाही. आधी हे बघा की लग्नाचा विषय तुमच्या दोघांत कधी नीट निघालाय का. सरप्राईज कुठे, कधी आणि किती फुलांत याचं असावं. 'लग्न करायचं का' हा प्रश्नच तिला पहिल्यांदा हजार गुलाबांसमोर ऐकू आला, तर ते सरप्राईज नाही, पेच आहे. आम्ही फोनवर हा प्रश्न हमखास विचारतो. पलीकडे शांतता पसरली की सांगतो, आत्ता एक छोटा गुच्छ घ्या, कॉफी प्या, बोला, मग या. यात आमच्या ऑर्डरी जातात. जाऊ देत.

फर्ग्युसन रस्त्यावर मित्रांचा नाच, शेवटी मी गुलाब घेऊन. कसं वाटतं?

तुम्हाला छान वाटेल. तिला चारचौघांत वाढदिवसाचा केक कापतानाही लाजल्यासारखं होत असेल, तर पन्नास अनोळखी मोबाईल समोर असताना तिचं 'हो' तिचं राहत नाही. आमच्याकडची बहुतेक कामं दोघांपुरतीच असतात. जवळची माणसं हवीत तर त्यांना शेजारच्या खोलीत थांबवा आणि दहा मिनिटांनी आत घ्या.

फुलं कोणती घ्यावीत? लाल गुलाबच ना?

लाल गुलाब घ्या, पण त्याच्याकडून वासाची अपेक्षा ठेवू नका. पॉलिहाऊसमधला, म्हणजे प्लास्टिकच्या छपराखाली वाढवलेला डच गुलाब लांब दांड्याचा, देखणा, टिकाऊ असतो. त्याला वास जवळजवळ नसतो. खोलीत पाऊल टाकल्याबरोबर माणूस थबकतो तो वासानं. ते काम मोगरा आणि निशिगंध करतात, ज्याला बाजारात गुलछडी म्हणतात.

मोगऱ्याचं एक गुपित फारच कामाचं आहे. त्याच्या कळ्या भल्या पहाटे, मिटलेल्या असतानाच तोडतात आणि त्या उमलतात त्याच दिवशी संध्याकाळी. सकाळी आणलेल्या लडी दिवसभर ओल्या फडक्यात गार ठेवल्या आणि सहाच्या सुमारास टांगल्या, तर सात-साडेसातला, नेमका तुमचा घसा कोरडा पडलेला असतो तेव्हा, त्या तुमच्या डोक्यावर उमलत असतात. इतकी साथ कुठलाही डेकोरेटर देणार नाही. मोगऱ्याचा बहर साधारण मार्च ते जून. पावसाळ्यात सोनचाफा पाहा: पाण्यानं भरलेल्या पितळी घंगाळात पन्नास सोनचाफे सोडले, तरी घरभर दरवळ होतो. थंडीत शेवंती आणि गुलछडीवर भर द्या.

लिलियम घ्यायचं तर कळ्या दोन-तीन दिवस आधी आणा, नाहीतर ऐन वेळी हिरव्या शेंगांसमोर गुडघे टेकावे लागतील. फूल उमललं की आतले तपकिरी केसर चिमटीनं काढून टाका. त्याचा डाग कपड्यावरून जात नाही. एका मुलाच्या मोतिया रंगाच्या कुर्त्यावर तो डाग पडला आणि पुढच्या सगळ्या फोटोंत तो एक हात छातीवर ठेवूनच उभा आहे. लोकांना वाटतं भावनेनं. आणि घरात मांजर असेल तर लिली आणूच नका, तिच्यासाठी ते विष आहे.

जरबेऱ्याला बादलीभर पाणी दिलं की त्याची मान मोडते, चार बोटं पाणी पुरे. झेंडू पाण्याशिवायही दिवसभर टवटवीत राहतो, पण त्याचं तोरण केलं की दसऱ्याच्या गाडीची आठवण येते. ती आठवण चालणार असेल, किंबहुना हवीच असेल, तर झेंडूसारखं दिलदार फूल नाही.

अर्थात तिचं आवडतं फूल वेगळंच असेल तर वरचं सगळं विसरा. अबोलीची वेणी आवडणाऱ्या मुलीसमोर थायलंडहून आलेल्या ऑर्किडचा डोंगर उभा केला, तर तिला एवढंच कळतं की तुम्हाला तिच्याविषयी माहिती नाही.

फुलं किती लागतात हो?

फोटो दाखवून "असंच पाहिजे" म्हणणाऱ्यांसाठी हा हिशेब. अर्धवट उमललेला डच गुलाब साधारण दोन इंच रुंद भरतो. फुलाला फूल चिकटवलं तर एका चौरस फुटात ३६. आठ फूट बाय आठ फुटांची भिंत म्हणजे ६४ चौरस फूट, म्हणजे २,३०४ गुलाब. डच गुलाबाची गड्डी २० फुलांची, म्हणजे ११५ पेक्षा जास्त गड्ड्या. शिवाय तुटकीफुटकी धरून दहाएक जास्त. निम्म्या जागेत पानं भरली तर खर्च निम्म्यावर येतो आणि भिंत, माझ्या मते, जास्त चांगली दिसते, कारण नजरेला विसाव्याला जागा मिळते.

जमिनीवरच्या पाकळ्यांसाठी डच गुलाब सोलणं म्हणजे पायपुसण्यासाठी पैठणी फाडणं. त्यासाठी सुटे देशी गुलाब किलोवर घ्या, पाकळ्या सोलायला चार मित्र बसवा. गुळगुळीत फरशीवर ओल्या पाकळ्यांवरून पाय सटकतो, म्हणून चालायची वाट मोकळी सोडून दोन्ही कडांना पाकळ्या टाका. हॉटेलच्या पांढऱ्या चादरीवर लाल पाकळ्या चुरगळल्या तर डाग पडतो आणि त्याचे पैसे बिलात लागतात.

फुलं आणायची कुठून?

पाचपन्नास फुलं हवी असतील तर मंडई आणि दगडूशेठ गणपतीच्या आसपासचे फुलवाले उत्तम. गजरा तर तिथलाच घ्यावा. राशीनं हवी असतील तर गुलटेकडीचं मार्केट यार्ड. तिथल्या फूलबाजारात पहाटे जायचं, आठ वाजता "लवकर आलो" म्हणत नाही. आदल्या आठवड्यात एकदा नुसती चक्कर मारा. जुडी कशाची, गड्डी कशाची, काडीवर काय मिळतं, किलोवर काय मिळतं हे कानावर पडलं की भाव करताना तोंडघशी पडत नाही. शेतमालाच्या बाजारभावात फुलांचे दरही छापून येतात, ते पंधरा दिवस वाचत राहा.

फक्त गुलाबच, तेही शेकड्यांनी हवे असतील तर मावळाकडे बघा. तळेगाव दाभाड्याच्या आणि पवन मावळाच्या पट्ट्यात गुलाबाची पॉलिहाऊस आहेत. तिथला गुलाब फेब्रुवारीत परदेशातही जातो. ओळखीनं एखाद्या शेतकऱ्याशी आधी बोलून ठेवलं, तर सकाळच्या तोड्याचा माल थेट मिळतो. गुलाब घेताना कळीच्या बुडाशी हलकेच दाबून बघा. टणक लागली तर ताजी, मऊ लागली तर शीतगृहात मुक्काम करून आलेली.

कोणत्या तारखा टाळाव्यात?

१४ फेब्रुवारी. व्हॅलेंटाईनला फूल हाती यावं म्हणून शेतकरी साधारण डिसेंबरच्या मध्यापासूनच छाटणीचं गणित मांडतात, कारण छाटणीनंतर फूल यायला दीडेक महिना लागतो. एवढा सगळा माल एका दिवसावर डोळा ठेवून असतो, त्यामुळे एरवीच्या भावाच्या दुपटी-तिपटीची तयारी ठेवा. गणपती, नवरात्र, दसरा, दिवाळी, मार्गशीर्षातले गुरुवार आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या दाट लग्नतिथी, या दिवसांतही भाव चढतात.

सगळ्यात स्वस्त फुलं पितृपक्षात मिळतात. मागणी एकदम बसते. तुम्ही म्हणाल, आम्ही असलं काही मानत नाही. ठीक आहे, पण तिची आजी मानत असेल आणि दरवर्षी "कधी विचारलं म्हणालास?" असा प्रश्न येणार असेल, तर वाचलेले पैसे महागात पडतील.

जागा कुठली निवडावी?

गच्ची. स्वतःच्या नाहीतर मित्राच्या सोसायटीची. लोक हॉटेलं शोधत फिरतात आणि डोक्यावरची गच्ची विसरतात. सोसायटीच्या सेक्रेटरी काकांना आधी भेटून विचारा, लेखी द्या, "रात्री दहाच्या आत आवरतो, झाडून देतो" असं आपणहून म्हणा. स्पीकर दहानंतर बंद ठेवणं कायद्यानंही भाग आहे. वारा मोठा शत्रू, म्हणून फुलांची चौकट पाण्याच्या टाकीला नाहीतर कठड्याला दोरीनं बांधा. एप्रिल-मे महिन्यात पुण्याचा पारा चाळिशीच्या आसपास जातो, तेव्हा ऊन उतरेपर्यंत एकही फूल वर न्यायचं नाही.

पवना धरणाच्या काठी तंबूंच्या जागा आहेत आणि तिकडे जाताना मावळातूनच जावं लागतं, त्यामुळे गुलाब वाटेतच उचलता येतात. मात्र थंडीत रात्री दव पडतं आणि कागदाची सजावट लोळागोळा होते.

सिंहगडावर, वेताळ टेकडीवर, तळजाईवर आरास मांडू नका. हे फक्त नियमांसाठी सांगत नाही. जानेवारीनंतर टेकडीवरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं. एक मेणबत्ती कलंडली की वणवा. गडावर जायचंच असेल तर एक गजरा आणि अंगठी खिशात घालून जा, विचारा, पिठलं-भाकरी खा, आणि फुलांचा थाट संध्याकाळी घरी उडवून द्या. हा बेत आम्ही दोनदा केलाय आणि मला तोच सगळ्यांत आवडतो. मुलीला वाटतं झालं सगळं, आणि घराचं दार उघडतं तेव्हा खरं सरप्राईज पुढे उभं असतं.

सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे बाग अनेकांच्या डोक्यात असते. पुणे-ओकायामा मैत्रीची ही जपानी धाटणीची बाग देखणी आहेच. पण ती महापालिकेची आहे. फुलांचे खोके घेऊन फाटकावर गेलात तर पहारेकरी विचारणारच. आधी उद्यान विभागाकडे चौकशी करा. शनिवारवाड्यासारखं संरक्षित स्मारक तर डोक्यातून काढूनच टाका.

हॉटेलात ठरवत असाल तर तीन गोष्टी लिहून घ्या: बाहेरची फुलं चालतात का, जागा किती वाजता ताब्यात मिळेल, एसी बंद करता येईल का. एका हॉटेलात, नाव घेत नाही, आमची जिप्सोफिलाची, म्हणजे बारीक पांढऱ्या फुलांची छत्री थेट एसीच्या झोताखाली आली. तासाभरात ती छत्री केरसुणी झाली होती.

ड्रोननं वरून पाकळ्या टाकता येतील का?

पुण्यात एका बाजूला लोहगावचा हवाई दलाचा तळ, दुसऱ्या बाजूला खडकवासल्याची एनडीए, म्हणजे लष्करी प्रबोधिनी. ड्रोनच्या नकाशावर लाल रंगात असलेल्या भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. मित्राला वरच्या मजल्यावर परडी घेऊन उभं करा.

दिवसाचं वेळापत्रक कसं असावं?

घड्याळ उलटं लावा. समजा प्रश्न सात वाजता विचारायचा. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनअखेरीस सव्वासातच्या आसपास. मावळतीचा उजेड हवा असेल तर तुमचे सात तिथूनच ठरवा. साडेसहाला सगळे मदतनीस बाहेर. सहाला मोगरा टांगलेला. चार ते सहा गुलाब आणि पाकळ्या. दोन ते चार चौकट, दोऱ्या, दिव्यांच्या माळा, जे कोमेजत नाही ते सगळं. पहाटे बाजार, आणि बाजारातून आल्या आल्या फुलांना पाणी पाजणं. हे पाणी पाजणंच लोक विसरतात. गड्डीचा कागद सोडायचा, खालची पानं काढायची, दांडा धारदार सुरीनं तिरका छाटायचा आणि स्वच्छ बादलीत, गार अंधाऱ्या खोलीत तीन-चार तास उभं ठेवायचं. त्या खोलीत केळी किंवा आंब्याची पेटी नको. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि फुलं लवकर म्हातारी होतात.

आमच्या सुरुवातीच्या दिवसांत, एका एप्रिलमध्ये, तीस गड्ड्या बंद गाडीत ठेवून आम्ही जेवायला बसलो. पाऊण तासानं दार उघडलं तर गाडीत उकडलेल्या भाजीचा वास. त्या संध्याकाळी मंडईतून मिळतील ती फुलं गोळा करून वेळ मारून नेली आणि पैसे अर्थातच निम्मे घेतले.

तिला तिथपर्यंत आणायचं कसं?

खोटं बोलायचं, पण लहान. "मित्राच्या गच्चीवर गाण्याची बैठक आहे" चालतं. "आईला बरं नाही, लगेच ये" अजिबात नको. ती घाबरून येईल आणि पुढचा अर्धा तास तुमच्यावर भडकलेली असेल.

दुसरं, तिला स्वतःच्या स्कूटरवर येऊ देऊ नका. पुण्यातली मुलगी स्कूटरवर म्हणजे सनकोट, डोळ्यांपर्यंत स्कार्फ, हातमोजे आणि वर हेल्मेट. हे सगळं उतरवून केस सारखे करेपर्यंत तुमची बासरी वाजवणारा मित्र तीन वेळा तीच धून वाजवून मोकळा होतो. तिला गाडीनं आणा, आणि आणणारी तिची मैत्रीण असेल तर उत्तम: "चल गं, आज जरा नीट कपडे घाल" हे तिनंच म्हटलं तर संशय येत नाही.

किती जणांना सांगावं? आई-बाबांना आधी सांगू का?

तिघांना. एक तुमच्या बाजूचा, एक तिच्या बाजूची, एक फुलांचा. कोथरूडमध्ये कुजबुजलेलं कर्वेनगरला आधी पोचतं. व्हॉट्सॲपवर ग्रुप काढू नका. 'प्रपोजल सरप्राईज' नावाच्या ग्रुपमध्ये चुकून तिलाच घेतलेला एक महाभाग आम्हाला माहीत आहे.

आई-बाबांचं घराघरावर अवलंबून आहे. आपल्याकडे मागणी ही मुळात एका घरानं दुसऱ्या घराला घालायची गोष्ट, त्यामुळे काही घरांत "आम्हाला इन्स्टाग्रामवरून कळलं" हे वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. तिच्या बाबांची परवानगी घ्यायची की नाही हे तिच्या मतानं ठरवा. कितीतरी मुलींना ते आवडत नाही. पण त्याच रात्री, फोटो कुठेही टाकायच्या आत, दोन्ही घरी फोन करा. साखरपुड्याची तारीख काढायला मावशी-आत्या लगेच सरसावतील, त्यांना दोन दिवस थोपवा.

अंगठी फुलात लपवू का?

नको. दोन हजार फुलांत अंगठी शोधणारी माणसं आम्ही पाहिली आहेत. खिशात ठेवा. मापासाठी तिची रोजची अंगठी तासभर पळवून लक्ष्मी रस्त्यावरच्या ओळखीच्या सराफाला दाखवा, आणि ती कुठल्या हाताची, कुठल्या बोटाची हेही नीट बघून ठेवा. सोन्याची असेल तर सहा अक्षरी एचयूआयडी (त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) असलेला हॉलमार्क बघून घ्या.

मुलीनं विचारायचं ठरवलं तर?

जरूर विचारावं. आमच्याकडे आलेल्या अशा मुली मुलांपेक्षा जास्त तयारीच्या होत्या. एकीनं तर गच्चीची मोजमापं कागदावर काढून आणली होती. मुलांना फुलं आवडत नाहीत हा समज आहे. त्यांना कुणी देत नाही, एवढंच.

पाऊस आला तर?

जून ते सप्टेंबर गच्ची ठरवूच नका. बाकीच्या महिन्यांतही अवकाळीचा नेम नाही, म्हणून खालचा हॉल नाहीतर घराची बैठकीची खोली राखून ठेवा आणि चौकट दोन तुकड्यांत करा, म्हणजे ती जिन्यातून उतरते. लिफ्टमध्ये आठ फुटी चौकट मावत नाही. हे सांगावं लागतं.

खर्च कुठे वाचवावा, कुठे नाही?

फोटोग्राफरवर वाचवा, हाताला कंप नसलेला एखादा मित्र पुरतो. फुग्यांवर, थर्माकोलच्या अक्षरांवर एक रुपयाही घालू नका. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदीही आहे. मजुरीवर मात्र कात्री लावू नका. दोन हजार गुलाब काट्यांसकट हाताळणाऱ्या माणसांची बोटं संध्याकाळी बघा, मग घासाघीस करा.

एका मुलानं खोलीभर गुलाब केले होते. ती आत आली, चारी भिंती बघितल्या आणि पहिलं वाक्य बोलली, "बिल किती झालं?" त्यानं खरा आकडा सांगितला. ती खाली बसली. 'हो' त्यानंतर दहा मिनिटांनी आलं, आणि त्यांच्या लग्नात फुलांचा हिशेब तिनंच ठेवला.

ती "विचार करून सांगते" म्हणाली तर?

"बरं" म्हणा आणि तिला जेवायला न्या. मदतनिसांना आधीच एक खूण ठरवून द्या, म्हणजे टाळ्या वाजवत कुणी आत घुसणार नाही. फुलांचं आम्ही बघतो. आमच्या माणसांना अशा वेळी गप्प राहून आवरायची सवय आहे.

दुसऱ्या दिवशी एवढ्या फुलांचं काय करायचं?

चांगली राहिलेली रात्रीच काढून बादलीत ठेवा आणि सकाळी शेजारी, सोसायटीतल्या आज्यांना, कामाला येणाऱ्या मावशींना वाटा. गच्ची दिल्याबद्दल सेक्रेटरी काकांच्या घरी एक गड्डी जायलाच हवी. उरलेल्यातून तार, रिबिनी आणि फुलं खोचायचा हिरवा फोम वेगळा काढा, तो खतात कुजत नाही. नुसती फुलं ओल्या कचऱ्यात किंवा सोसायटीच्या खतखड्ड्यात. मुठेत सोडू नका, निर्माल्य म्हणूनही नाही.

आणि हा प्रश्न प्रत्येक घरातली आजी विचारतेच: एवढ्या पाकळ्या वाया घालवण्यापेक्षा गुलकंद करू का? नको हो आजी. पॉलिहाऊसच्या गुलाबावर फवारण्या झालेल्या असतात. गुलकंदाला देशी गुलाब लागतो, वासाचा, बिनफवारणीचा. तो हवा असेल तर वेगळा सांगून ठेवा, मिळाला की आणून देऊ.